खर्चाच्या शेजारी भरणाऱ्याचं नाव

दहिवडी

चि. ताईस,


परवा फोनवर तू जे विचारलंस ते घाईत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलोय. ग्रामसभेत एका पोरानं उभं राहून विचारलं, राज्यावर नऊ लाख कोटींचं कर्ज झालंय, उद्या दुष्काळ पडला तर छावणी, टँकर, काम यातलं आपल्याला काय मिळणार? आणि त्याच सभेत मागच्या रांगेतून पाणीपट्टी माफ करण्याची मागणी आली. दोन्ही विषय तू पुढच्या सभेवर ठेवलेस, ते बरं केलंस. माझ्या मते ते दोन विषय नाहीत, एकच आहे. सरपंच म्हणून तुला पाच वर्षं याच एका विषयाशी झुंजायचं आहे.

आधी त्या पोराच्या आकड्याबद्दल. आकडा खरा आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज वर्षअखेर 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज मांडला होता. पण हा आकडा एकटा ऐकून घाबरू नकोस आणि गावालाही घाबरवू नकोस. महाराष्ट्रात वर्षभरात जेवढं पिकतं, बनतं, विकलं जातं, त्याच्या तुलनेत हे कर्ज त्या अंदाजात 19 टक्क्यांच्या आत बसत होतं. देशातली कितीतरी राज्यं याहून जास्त बोजाखाली आहेत. घरातलं कर्ज माणसाला हयातीत फेडावं लागतं, सरकार मात्र जुन्या रोख्यांची मुदत संपली की नवे रोखे काढतं. तेव्हा 'कर्ज किती' हा पहिला प्रश्न नव्हे.

त्या पोराला दुसरे दोन आकडे दाखव. त्याच अर्थसंकल्पात सुमारे 1 लाख 36 हजार कोटींची राजकोषीय तूट दाखवली आहे, म्हणजे तेवढी उसनवारी. आणि महसुली तूट जवळजवळ 46 हजार कोटींची. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं या रोजच्या खर्चालाही जमा पुरत नाही. उसन्या तीन रुपयांतला एक रुपया असा खाण्यात जातो, त्यातून ना बंधारा उभा राहतो ना शाळा. काळजी करायची ती या रुपयाची.

आपल्या माणदेशानं कर्जाला पाप म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलखात दहातली चार-पाच वर्षं आभाळ कोरडं जातं, तिथं शिल्लक टाकून धरण बांधायचं म्हटलं तर ते कधीच बांधून होणार नाही. दुष्काळात सरकारनं हात आखडता घेतला की काय होतं ते आपल्या पूर्वजांनी सोसलंय. तुझ्या सासरच्या शिवारापासून फार लांब नाही तो राजेवाडीचा तलाव. माण नदीवरचं हे काम 1876-77 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून निघालं. आज त्या पाण्यावर किती मळे उभे आहेत ते तू रोज बघतेस. पण त्याच दुष्काळात ब्रिटिश सरकारचे सर रिचर्ड टेंपल इकडे आले ते तिजोरी सांभाळण्याची ताकीद घेऊन. मजुरी खाली ओढली गेली, दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. तिजोरीत जी बचत दिसली ती त्या मजुरांच्या पोटातून काढलेली होती. हिशेबाच्या कुठल्याही वहीत तसं लिहिलेलं सापडणार नाही. मी आयुष्यभर कोषागारात बिलं तपासली, म्हणून सांगतो: पैसा कोणी ना कोणी भरतोच. त्याचं नाव आधी लिहिलं नसेल, तर ज्याला ओरडता येत नाही तो भरतो.

आणि नाव आधी लिहिलं तर काय होतं, हेही आपल्याच भागानं दाखवलंय. विधानपरिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच. मागेल त्याला काम या कल्पनेचा पहिला प्रयोग त्यांच्या पुढाकारानं 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात झाला. मग 1972 चा दुष्काळ आला.

तुझी आजी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मी तिच्याबरोबर असायचो. दगड निसटू नये म्हणून सायकलच्या जुन्या टायरचं कडं, त्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी. हातोडीच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली, तरी तळहात फुटायचेच. आठवड्याच्या शेवटी टेप लावून खडीचा ढीग मोजायचे, मुकादम हजेरीपटावरची नावं वाचायचा आणि आजी अंगठा उठवायची. ढिगाची मापं घेताना बायका श्वास रोखून बघायच्या, कारण टेप थोडी ढिली सुटली की आठवड्याची मजुरी कमी. दुपारी पोरांना सुकडी मिळायची. त्या मे महिन्यात, 1973 च्या, राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं भुकेनं पटापट मेली नाहीत, याचं मोठं श्रेय त्या कामांना आहे.

दुष्काळ सरला की सरकार विसरतं हा नेहमीचा अनुभव. पण या वेळी तसं झालं नाही. का झालं नाही ते ग्रामसभेला नीट समजावून सांग. 1975 साली राज्यानं व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याचा पगारदार, दुकानदार, वकील, डॉक्टर यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. बागायती जमिनीवर शिक्षण व रोजगार हमी उपकर, इतर काही करांवर अधिभार, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. म्हणजे काम कोणाला मिळणार हे कायद्यात होतं आणि पैसे कोण देणार तेही कायद्यात होतं. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया माणदेशातल्या बाईच्या हातावर पोचायचा आणि मध्ये पाझर तलाव उभा राहायचा.

तुझ्या भावाला त्याचं पगारपत्रक पाठवायला सांग. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. तो म्हणतो हे कसले पैसे कापतात कळत नाही. त्याला सांग, तुझ्या आजीच्या हजेरीपटासाठी हा कर जन्माला आला. पुढे या करातून जमलेला सगळा पैसा हमीवर खर्च झाला नाही, आणि ते चूकच झालं. हमीच्या कामांत खोटी हजेरीही लागली. पण तिजोरी अडचणीत असतानाही ही योजना दशकानुदशकं टिकली आणि 2005 च्या देशव्यापी कायद्याला तिचा आधार झाला, कारण तिचा पैसा कुठून येणार हे पहिल्या दिवशी ठरलेलं होतं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट, तीही आपलीच. कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा 31 मे 2000 नंतर फेरविचाराला येणार होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचं पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, ही धास्ती सगळ्या पक्षांना होती आणि ती खोटी नव्हती. 1996 साली युती सरकारनं महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं आणि महामंडळानं सरकारच्या हमीवर लोकांकडून रोखे घेऊन पैसा उभारला. व्याज दोन आकडी. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या सिंचन योजना, सगळीकडे एकदम खोदाई चालू. मी त्या काळातल्या उत्साहाला नावं ठेवणार नाही. आटपाडीला 1993 पासून पाणी परिषदा भरत होत्या. नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं उभी केली होती. ते पाणी आमच्या हक्काचं आहे हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

पण रोख्यांवरचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, आणि पाणी यायला होती वर्षानुवर्षं. महामंडळाचं कर्ज राज्याच्या कर्जात धरलं जात नव्हतं, म्हणून अर्थसंकल्प नीटनेटका दिसायचा. व्याज कोण भरणार? मुद्दल कोण? पाणी वर चढवणाऱ्या पंपांची वीज कोणाच्या नावावर? या तिन्ही रकान्यांत तेव्हा कोणी नाव लिहिलं नाही. पैसा थोडा आणि कामं चहूकडे, त्यामुळे कुठलंच काम पुरं होईना. 2000 नंतर तिजोरी खडखडीत झाली तशी कामं जिथल्या तिथं थांबली. माणसाच्या उंचीचे लोखंडी नळ शिवारात कितीतरी उन्हाळे पडून होते, त्यांच्या सावलीला शेळ्या बसायच्या. टेंभूची मूळ मंजुरी होती चौदाशे कोटींच्या घरात. सुधारित मंजुरी, वाढीव गावं धरून, सात हजार कोटींच्या पुढे गेली. खटाव-माणसाठीची जिहे-कठापूर 1997 साली 269 कोटींत होणार होती, नंतर तिला 1,330 कोटींची सुधारित मान्यता लागली. यात महागाई आहे, वाढलेलं क्षेत्र आहे, भूसंपादन आहे. तरी रेंगाळलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत त्यात आहेच. आणि ती भरली कोणी? मधल्या दुष्काळात ज्यांनी जनावरं विकली, ऊसतोडीला गेले, मुलीचं शिक्षण थांबवलं, त्यांनी.

योजना फसल्या असं मात्र कोणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. आज आटपाडीच्या शिवारात डाळिंबाच्या कडेनं ऊस दिसतो तो याच पाण्यावर. पाणी आलं. फक्त उशिरा आलं, आणि विजेचं बिल सोबत घेऊन आलं. टेंभूहून कृष्णेचं पाणी एकेक टप्पा चढवत वर आणायचं म्हणजे प्रत्येक टप्प्यावर पंपघर, आणि प्रत्येक पंपघराचं मीटर. बिल थकलं की वीज तोडली जायची, पिकं माना टाकायची, मग मोर्चा, मग टंचाईच्या निधीतून बिल भरून आवर्तन सुरू. दरवर्षी हेच. शेवटी शासनानं बिलाचे वाटे पाडले, 81 टक्के शासनाचे आणि 19 टक्के शेतकऱ्यांचे. हे 81 बरोबर की 70 बरोबर, यावर वाद घालता येईल. पण वाटा ठरल्यावर तरी भांडायला एक जागा मिळाली. वीस वर्षं आधी ठरला असता तर?

नाव न लिहिलेल्या खर्चाची याच पाच-सहा वर्षांतली दोन उदाहरणं देतो आणि पुढं जातो. करोनात जमा आटली तेव्हा 4 मे 2020 च्या शासन निर्णयानं खात्यांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या फक्त 33 टक्के निधी मिळेल असं ठरलं. पगार देणं भागच होतं, व्याजही द्यावंच लागतं, म्हणून कात्री लागली ती कामांना. दुसरं लाडकी बहीण योजनेचं. जुलै 2024 पासून दरमहा 1,500 रुपये. गावातल्या बायकांसमोर तू या योजनेविरुद्ध एक शब्द बोलू नकोस. भीतीनं नव्हे, ते पैसे खरोखर कामाला आलेत म्हणून. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया नव्हता, तिनं त्यातून औषधं घेतली, शेळी घेतली, पोराची फी भरली. पण 2025-26 साठी यावर 36 हजार कोटी ठेवले आणि त्यासाठी म्हणून राखलेला नवा कर कोणावर बसवला? कोणावरच नाही. मग सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी तिकडे वळवला गेला. वसतिगृहातल्या पोराला कोणी विचारलं नाही. 1975 साली नव्या कराचा कायदा विधानमंडळात उघडपणे मांडण्याची हिंमत ज्या राज्यानं दाखवली, त्याच राज्यात आज अशा राखीव कराचं नाव काढायला कोणी धजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुझ्या पाणीपट्टीकडे येतो. मला माहीत आहे, माफीचा ठराव केलास तर टाळ्या पडतील. करू नकोस. गावच्या नळयोजनेची मोटर चालते विजेवर. पाणीपट्टी माफ केलीस तर बिल थकेल, वीज तुटेल, आणि तेव्हा ज्याच्या घरी स्वतःचं बोअर आहे त्याला काही फरक पडणार नाही. वस्तीवरच्या बायका घागर घेऊन चालतील. माफीचा खरा खर्च त्यांच्या डोक्यावर. त्यापेक्षा सभेत फळ्यावर लिही: वर्षाचं वीजबिल किती, मोटर दुरुस्ती किती, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार किती, क्लोरीन पावडर किती. शेजारच्या रकान्यात लिही की यातलं ग्रामनिधीतून किती, वित्त आयोगाच्या बंधित निधीतून किती आणि घरपट किती उरतं. जी विधवा, जो भूमिहीन खरंच देऊ शकत नाही, त्यांची सूट सभेतच ठरवा आणि ती कोण भरून काढणार तेही लिहा. मोठ्या बागायतदारानं जास्त द्यावं असं म्हणायला कचरू नकोस. हे बोलायला जड जाईल, कारण तुझ्या पॅनेलला त्यांनीच पैसा लावलाय. तरी बोल. कोणी कितीही मोठा असो, रकाना कोरा ठेवायचा नाही.

खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी हे करून दाखवलंय. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार गावात आले तर समोर दुष्काळ. त्यांनी आधी हमीची कामं मागितली, मग येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदारानं न्यावी त्यापेक्षा आपण विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, असं ठरवलं. बळीराजा धरण असं उभं राहिलं. पाणीवाटपही समान ठरवलं. पैसा कुठला, पाणी कोणाचं, दोन्ही गोष्टी दगड रचायच्या आधी ठरल्या होत्या. तुझ्या सभासदांना एकदा तिथं घेऊन जा. भाषणानं जे पटत नाही ते तिथं उभं राहून पटतं.

आणि त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. दुष्काळात काय मिळणार, हे मुंबईत जेवढं ठरतं तेवढंच गावात आधी किती तयारी आहे त्यावरही ठरतं. 1880 च्या दुष्काळ आयोगापासून आजवर सगळे हेच सांगत आलेत की कामांची यादी आधी तयार हवी. तिजोरीत पैसा कमी असतो तेव्हा जो प्रस्ताव मोजमापासह तयार आहे तो पुढं सरकतो, बाकीचे तालुक्याच्या कपाटात राहतात. म्हणून आत्ताच, पाऊस चांगला आहे तोवर, कामांचा शेल्फ भरून ठेव. कोणत्या पाझर तलावाचा गाळ, कोणत्या ओढ्यावर नालाबंडिंग, कुठल्या वस्तीचा रस्ता. जागा कोणाची, मोजमाप झालं का, तांत्रिक मान्यता आहे का. त्याच पोराला या कामाला लाव. ज्याला अर्थसंकल्पाचं कात्रण वाचता येतं त्याला अंदाजपत्रकही वाचता येईल. आमदार आले की त्यांना 'निधी द्या' एवढंच म्हणू नका. 'या कामाची दुसऱ्या वर्षीची तरतूद कुठल्या लेखाशीर्षात आहे' असं विचारा. टोकन रकमेवर भूमिपूजन होतं आणि पुढं खड्डा उरतो, हे मी बिलांच्या बाजूनं फार पाहिलंय. ठेकेदारांची देयकं थकलीत, हे तर आज सगळ्या जिल्ह्यांत ऐकू येतं.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना उद्याच सांग. विषयपत्रिकेत 'पाणीपट्टी माफी' असा शब्द येऊ देऊ नकोस. 'नळयोजनेचा वार्षिक खर्च व त्याची भरपाई' असं लिहायला सांग. मागच्या तीन वर्षांची वीजबिलं आणि वसुलीचं रजिस्टर मला पाठव, फोटो काढून पाठवलंस तरी चालेल. मी रकाने आखून देतो. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा